पाचवा किनारा

नाशिक, बुधवार

प्रिय तेजस्विनी,

तुझ्या कागदावर मी केलेली सही खोटी आहे. पाचव्या किनाऱ्यासमोर ‘पोहण्यास स्वच्छ व सुरक्षित’ असं लिहून मी सही केली. त्यातलं ‘स्वच्छ’ खरं आहे, ‘सुरक्षित’ नाही. ती सही मी परत घेते आहे. येत्या रविवारी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तो किनारा तू उघडायचा नाहीस. चाळीस पोरं येणार आहेत, त्यांचे आईबाप येणार आहेत, पाटीसुद्धा रंगवून झाली, हे सगळं मला ठाऊक आहे. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस आणि मी चौथ्याला चिडते. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. हर्षलला मध्ये वाचायला देऊ नकोस, तुझा नवरा शेवट आधी वाचतो.

लिहायला भाग पाडलं ते तुझ्याच व्हिडिओने. सोमवारी तू सायलीचा नवा खेळ म्हणून पाठवलास तो. तुझ्या कॅम्पच्या तंबूंसमोरच्या फरशीवर तिने कोळशाने ठिकरी आखली आहे, सात घरांची. लंगडी घालत जाते आणि प्रत्येक घराला एक नाव घेते. देवराम, काळू, गेणू, कमळाबाई, पुंजा. सहाव्या घरात ‘पार’ म्हणून दोन्ही पाय टेकते. सातव्यात पाय ठेवतच नाही. त्याच्या रेघेशी थांबते, वाकून खाली बघते, ‘आशा’ म्हणते आणि ते घर उडी मारून ओलांडते. तू खाली लिहिलंस, ‘बघ मावशी, न पाहिलेल्या आजीची आठवण काढते पोरगी.’ मी तो व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला. मोजून सांगते आहे, मला मोजायची सवय आहे. ‘आशा’ सोडून ती सगळी नावं, त्याच क्रमाने, मी पूर्वी एकदा ऐकली होती.

पण आधी किनाऱ्यांचं. मार्चमध्ये तू मला न्यायला आलीस तेव्हा तुझा बेत मला पटलेला होता. कळसूबाई चढून उतरलेली मंडळी धुळीने माखलेली असतात, घोटीकडे परत जाताना त्यांना पाणी दिसतं आणि ती मिळेल तिथे उतरतात. गेल्या वर्षी दोन मुलं दगडांवर आपटली. तेव्हा कोणीतरी जागा निवडून, मोजून, दोर बांधून दिली पाहिजे, हे तुझं म्हणणं बरोबर होतं. धरणाच्या काठाला बीच म्हणणं मात्र मला अजून पटलेलं नाही. बत्तीस वर्षं पाणी तपासण्यात घालवलेली मावशी घरात असताना बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे, असंही तू म्हणालीस. तेही बरोबर.

पाच जागा पाहिल्या. पहिली धरणाच्या भिंतीजवळची. तिथे वरून पाणी झोपलेलं दिसतं आणि खालून ओढतं, म्हणून रद्द. दुसरी भातखाचरांच्या ओहोळापाशी. तिथे म्हशी धुतात, बाटलीत मलजंतू निघाले, रद्द. तिसरीत गाळ, हर्षलची चप्पल अजून तिथेच आहे. चौथीत गेल्या हंगामातल्या सहलींच्या फुटक्या बाटल्या. पाचवी मात्र वेगळी. बारीक खडीचा उतार, तळाचा खडा न् खडा दिसेल असं पाणी, शेवाळ नाही, जाळी नाहीत. तू म्हणालीस, “मावशी, ही कोणीतरी आपल्यासाठी झाडून ठेवलीय.”

तू टाळ्या वाजवत होतीस तेव्हा मी जमीन बघत होते. काठच्या ओल्या मातीत एकाही जनावराचं पाऊल नव्हतं. उन्हाळ्यात आटलेल्या धरणाचा इतका सोपा उतार, आणि गाईगुरं पलीकडच्या खडकातून अर्धा मैल वळसा घालून पाणी प्यायला जातात. पाणकोंबडीसुद्धा नव्हती. हे मी तुझ्या लक्षात आणून दिलं नाही. कारण ती जागा मी ओळखली होती. समोरच्या डोंगराला जी खाच आहे, ती मी अडतीस वर्षं डोळे मिटले की बघते आहे.

गोटीराम आठवतो ना, होडीवाला, नव्या उंबरवाडीचा? तो खोली मोजायची खुणांची काठी धरून माझ्यापुढे पाण्यात चालत होता आणि मी मागून टेप सोडत होते. गुडघाभर, गुडघाभर, गुडघाभर. चाळीस मीटरवर तो थांबला. “पुढं नको, बाई,” म्हणाला. का, ते सांगेना. मी त्याच्या हातातली काठी घेतली आणि स्वतः पुढे गेले. एक्केचाळीस, बेचाळीस, पन्नास. सगळीकडे गुडघाभरच. मी काय शोधत होते ते तुला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. मला ते सापडलं नाही आणि मला बरं वाटलं. परत येताना एक्केचाळिसाव्या मीटरला मी बाटली भरून घेतली आणि लाल कापडाची काठी रोवली. तासभर सायली काठावर एकटीच पाण्यात पाय सोडून बसली होती, पाण्याकडे तोंड करून मान हलवत होती. पाढे म्हणताना मुलं हलवतात तशी. खेळते आहे, असं मला वाटलं.

घरी येऊन बाटल्या तपासल्या. निवृत्त झाले तरी माझ्या मागच्या खोलीत तेवढं सामान आहे. तू मला कधी स्वयंपाकघरात रमलेली पाहिली नाहीस, पण डाळीवरून सांगते. धरणाचं पाणी हलकं असतं, डाळ लवकर शिजते. विहिरीचं जड असतं, डाळ दगडासारखी राहते. त्या अख्ख्या फुगवट्याच्या पाण्याचा जडपणा सत्तरच्या आसपास आहे. एक्केचाळिसाव्या मीटरवर भरलेल्या बाटलीत तो तीनशे चाळीस निघाला. मी तीनदा तपासलं. बाटली भरताना पाणी हाताला बर्फासारखं लागलं होतं, भर दुपारी. उघड्या धरणाच्या मध्यभागी, गुडघाभर खोलीत, मी विहिरीचं पाणी भरून आणलं होतं.

तो आकडा मी खोडला. वर सत्तर लिहिलं आणि तुझ्या कागदावर सही केली. का केली, ते पुढे येईल. तो आकडा मी आयुष्यात दुसऱ्यांदा खोडत होते.

मग सोमवारी ठिकरी आली. मंगळवारी पहाटेच्या एसटीने मी घोटीला उतरले, तिथून जीपने नव्या उंबरवाडीला. गोटीरामची आई सखुबाई अजून आहे. ऐंशीच्या घरात असेल. ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, “शिकलेली बाई ना तू? अडतीस वर्सं लागली व्हय एवढं चालत यायला?” मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने तो एकदाच पाहिला आणि फोन पदराने पुसून परत दिला. ही नावं मुलीला तू शिकवलीस का, असं मी विचारलं. “मी कुठं पाह्यली पोर? दोन वर्सं झाली, उंबऱ्याबाहेर पाय नाय माझा.” गोटीरामनेही शिकवलेली नाहीत, त्याला विचारलं. त्या घरातली पुरुषमंडळी ती नावं घेत नाहीत, बायकाच घेतात.

उंबरवाडीची रीत तुला माहीत असायचं कारण नाही. जुनं गाव धरणाखाली गेलं. आखाजीला सगळे आपापल्या पितरांसाठी घागर भरतात, तशी हे लोकही भरतात. पण यांची पितरं राहिली पाण्याखालच्या घरांत. म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं की बायका नव्या घरातून पाण्याची घागर घेऊन त्या काठावर जातात आणि जुन्या गल्लीने पाण्यात चालतात. प्रत्येक घराच्या जागी थांबून घरधन्याला हाक मारतात, उत्तराला वेळ द्यावा तेवढं थांबतात, मग पुढचं पाऊल. पार आला की टेकतात. पाराच्या पुढे विहीर. तिथे घागर ओततात आणि आल्या पावली परत. गावात नवी सून आली की तिला स्वयंपाकाआधी हे पाठ करायला लागतं. मी याला भाबडेपणा समजत होते. आता समजते की तो नकाशा आहे. किती पावलं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं त्या नावांत बसवलेलं आहे.

काल दुपारी आम्ही तिघं गेलो. गोटीरामने मोटरसायकलवर आईला मध्ये बसवलं आणि मी मागून तिला धरलं. मोटरसायकलवर तिघांनी बसायची माझी ही पहिलीच वेळ. सखुबाईने माझा हात धरला आणि आम्ही उतरलो. “देवराम, वाटेनं चाललो रं.” थांबली. सहा पावलं. “काळू, हाय का घरात?” थांबली. गेणू. कमळाबाई. मग “पुंजा” म्हणताना तिचा आवाज बदलला, तो तिचा नवरा. पार. पार म्हटल्यावर माझ्या तळव्यांना खाली सपाट, थंड दगड लागला. मार्चमध्ये त्याच जागेवरून मी चालत गेले होते, दगड नव्हता.

माझी लाल काठी समोर हातभर अंतरावर उभी होती, जशी रोवली तशी. सखुबाई म्हणाली, “आता घाल तुझी काठी.” मी लाल कापडाच्या शेजारी गोटीरामच्या होडीतून घेतलेली खुणांची काठी सोडली. ती गेली. अठरा फुटांची काठी माझ्या मुठीतून शेवटच्या खुणेपर्यंत गेली आणि तळ लागला नाही. गोटीराम मागून म्हणाला, “बाई, काठीला आधी नाव सांगायचं, मग ती खरं बोलती.” तो हसत नव्हता. विहिरीचं तोंड आठ हात रुंद असेल, मार्चमध्ये मी दोन हात बाजूने गेले असेन, असं मी स्वतःला सांगते आहे. लाल काठी कशात उभी होती, ते मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत ती विहीर गाळाने भरायला हवी होती, तेही झालेलं नाही.

सखुबाई वाकली आणि पाण्याला म्हणाली, “आशा, कोण आलंय बघ.” मग थांबली. प्रत्येक घराशी थांबली होती त्यापेक्षा जास्त. पाणी हललं नाही. मला मात्र खालून एक आवाज आला, लोखंडी कडीत दोर सरकतो तसा, पोहरा सोडताना येतो तसा. मी सखुबाईकडे बघितलं. ती मान हलवत होती, सायलीसारखी. म्हणाली की अडतीस वर्षं दर आखाजीला ती हे नाव घेते, गेली दोन वर्षं घरातूनच, इथे राहणाऱ्याला हाक मारायची नाही तर कुणाला? “रक्ताचं कोणी येत नव्हतं, म्हणून मी घेत होते. आता पोर घ्यायला लागली. मी सुटले.”

आता सांगते. तू तीन वर्षांची होतीस. आमच्या प्रयोगशाळेला तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता, की या नव्या धरणावर सहलीच्या लोकांना कुठे पोहू द्यावं. मी अठ्ठावीस वर्षांची, हाताखाली एक शिपाई, तो त्या दिवशी तापाने पडला. तुझी आई माहेरी आली होती. तुला आमच्या आईजवळ ठेवून ती माझ्याबरोबर आली, नियमात बसत नसताना. सहल होईल म्हणाली. डबा बांधून घेतला होता, मेथीचे ठेपले. चार जागा झाल्या, पाचवी ही. टेपचं टोक आणि बाटली घेऊन आत चालायचं काम तिचं, काठावर उभं राहून आकडे लिहायचं काम माझं. काठावर सखुबाई रिकामी घागर घेऊन बसली होती. आखाजी आदल्या दिवशी झाली होती. ती म्हणाली, “नावं घेतल्याबिगर नका उतरू, बाई. घरं हायती खाली.” आणि देवरामपासून पुंजापर्यंत तिने नावं म्हणून दाखवली. मी म्हणाले, पाण्याला नावं कळत नाहीत. आशा थांबली होती. मला म्हणाली, “ताई, घेऊ या की नावं. पाच मिनिटं लागतील. बाईंना बरं वाटेल.” माझं उत्तर एका शब्दाचं होतं. चल.

चाळीस मीटरपर्यंत ती मागे वळून माझ्याकडे बघून हसत होती, साडी वर धरून. एक्केचाळीसला टेप सैल पडली. आवाज झाला नाही. सखुबाईच्या पुंजाने दोर कमरेला बांधून तिला काढलं तेव्हा उन्हं कलली होती. बाटली तिच्या हातात होती, भरलेली, बूच लावलेलं. बुडताना कोणी बूच लावतं का, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. चौथ्या दिवशी मी ती बाटली तपासली. तीनशे चाळीस. मी तो आकडा खोडला, वर सत्तर लिहिलं आणि ‘किनारा क्रमांक पाच, अयोग्य’ एवढाच शेरा दिला. कारण लिहिलं असतं तर माझी बहीण तिथे काय करत होती ते लिहावं लागलं असतं.

पंचनाम्यात ‘विहिरीत बुडून’ असं आलं. ते खरंच होतं. कोणती विहीर, ते सायखेड्यात तुझ्या वडिलांकडच्यांनी कोणाला सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. तीन वर्षांची मुलगी मागे ठेवून तरुण बाई विहिरीत गेली म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजले. मी त्यांना समजू दिलं. दहावीच्या सुट्टीत तू माझ्यासमोर उभी राहून विचारलंस, “मावशी, मी त्रास देत होते का गं आईला?” आणि मी म्हणाले, अकरावीच्या पुस्तकांची यादी कर. ते वाक्य माझं आहे, मला आठवतं. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. पण सायली झाली तेव्हा पहिल्या रात्री नर्सच्या हातात तिला देताना तू ज्या तऱ्हेने दचकलीस, त्यावरून मला कळलं की उत्तर तू स्वतःच देऊन टाकलंय आणि ते चुकीचं आहे.

एवढ्या मोठ्या तालुक्यात तू नेमकी तीच जमीन भाड्याने घेतलीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पाचवा नको म्हणाले असते तर तू कारण विचारलं असतंस, आणि कारण एकच होतं. म्हणून मी विहीर शोधली, ती मला सापडली नाही, आणि ती संपली असं मी ठरवलं. सहीचं कारण हे. माणूस म्हातारं झालं तरी भित्रेपणा तरुणच राहतो.

तेव्हा हे पत्र किनारा बंद करण्यासाठी लिहिलं असं वर म्हटलं, तेही अर्धंच खरं. किनारा बंद करायला एक ओळ पुरली असती. लिहिलं ते एवढ्यासाठी, की तुझी आई तुला टाकून गेली नाही. ती तुझ्यासाठी दोन ठेपले बाजूला काढून, संध्याकाळी परत यायचं म्हणून निघाली होती. तिला मी पाठवलं. तू मला रागाव, बोलू नकोस, ते तुझं तू ठरव. पण रविवारी चाळीस पोरांना चौथ्या किनाऱ्यावर ने, काचा मी आणि गोटीराम शनिवारी वेचून घेऊ, दोर बांधू, आणि त्या कागदावर मी खरी सही करीन. मग तू सायलीला घेऊन पाचव्याला ये. तिचा हात सोडू नकोस. नावं तिला येतात, तिच्या मागून म्हण, आणि तिच्याआधी पाऊल टाकू नकोस. मी काठावर उभी राहीन. टेप आणणार नाही.

तुझीच,
कुमुदमावशी

सोबत गोटीराम पुंजा यांच्या हाती दिलेलं सामान. घेतल्यावर त्यांच्या वहीत सही कर:

१. पाचव्या किनाऱ्याच्या दाखल्याची माझ्याजवळची प्रत, सहीवर काट मारलेली.
२. अडतीस वर्षांपूर्वीच्या नोंदवहीचं एक पान. खोडलेला आकडा उजेडाकडे धरला की वाचता येतो.
३. बाटल्या दोन. एक मार्चची. दुसरी जुनी, बूच तुझ्या आईने लावलेलं आहे. तपासापुरतं काढलं तेवढंच, परत तेच लावलं.
४. चपलांचा जोड एक, काठावर राहिलेला. तुझ्याच मापाचा आहे.
५. मातीची घागर एक, रिकामी. पाणी तुझ्या घरचं भरायचं.